बारखाणाची शिंगं

समीरचा फोन आला तेव्हा मी त्याच्या आईवर आधीच चिडलेली होते. आदल्या दिवशी पाचोडचा बाजार होता, आणि रोज ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारी, पासष्टी ओलांडलेली ही बाई पुन्हा एसटीनं तिकडे जाऊन आली असणार याची मला खात्री होती. सकाळचे सात वाजले होते, माझा पहिला चहासुद्धा व्हायचा होता. समीर म्हणाला, “मावशी, आई गेली.” मी म्हणाले, “कुठे? आज परत पाचोडला? अरे, तिला जरा घरात धरून ठेवत जा की.” मग तो अगदी हळू म्हणाला, “मावशी... आई गेली.” तीसेक वर्षं मराठी शिकवलं मी. त्या सकाळी एवढासा शब्द त्याला मला दोनदा सांगावा लागला. रात्री झोपेतच गेली ती. समीर उठवायला गेला तर उठली नाही, एवढंच. आज त्याला दीड महिना होत आला.

समीरची आई, निर्मला, म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. शाळा पाचोडच्याही पुढे, एका खेड्यात. आम्ही दोघी सिडकोत राहायचो आणि रोज पहाटेची एसटी धरून जायचो. एका सीटवर बसून आम्ही दोघींनी अख्खी नोकरी काढली. खिडकी कायम तिची. कारण मला झोपायचं असायचं आणि तिला बघायचं असायचं. बघणंही गप्प बसून नव्हे. ‘हा ओढा गेल्या महिन्यात रस्त्याच्या या बाजूला होता ना गं?’ असं विचारून ती मला उठवायची. कंडक्टरला विचारायची, डोंगराच्या उतारावर गाडीचा आवाज का बदलतो. भाजीवालीला विचारायची, पैठणकडची वांगी आणि सिल्लोडकडची वांगी यांच्या काट्यांत फरक असतो का. एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन दौलताबादला गेलो होतो. त्या अंधाऱ्या भुयारात गाइड शत्रूवर उकळतं तेल ओतायच्या गोष्टी रंगवून सांगत होता, पोरं घाबरून एकमेकांना चिकटली होती, आणि आमच्या बाई मागून विचारतायत की इथं हवा कुठून येते. गाइडला माहीत नव्हतं. मग ओलं बोट वर धरून ती भुयारभर हिंडली आणि मी बाहेर उन्हात दोन वर्गांची पोरं मोजत बसले. अशा माणसाबरोबर मैत्री करायची म्हणजे सारखं कुठेतरी ताटकळत उभं राहायचं, हे मी फार लवकर शिकले.

आता तिच्या बैलाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. नववीला वाऱ्याच्या कार्याचा एक धडा असायचा. वाळवंटात वारा वाळू वाहून आणतो, तिच्या टेकड्या होतात, त्यांतली एक चंद्रकोरीच्या आकाराची. तिला बारखाण म्हणतात. कोरीची दोन टोकं म्हणजे तिची शिंगं. प्रश्न एवढाच असतो की ती शिंगं कोणीकडे, वारा येतो त्या बाजूला की वारा जातो त्या बाजूला? पोरांचा इथे हमखास गोंधळ व्हायचा. म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी निर्मलानं एक युक्ती काढली. फळ्यावर खडूनं कोर काढायची, तिला दोन डोळे काढायची, समोरून येणाऱ्या वाऱ्याचे बाण काढायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, “बारखाण म्हणजे वाऱ्याला शिंगं रोखून उभा राहिलेला बैल.” पोरं शेतकऱ्यांची. बैल सगळ्यांच्या दारात. त्यानंतर परीक्षेत कुणी ते चुकलं नाही. माझा वर्ग शेजारी, मध्ये पातळ भिंत, त्यामुळे दरवर्षी तो बैल माझ्याही कानावर पडायचा. व्याकरण शिकवता शिकवता मीही तो पाठ केला. पुढे शाळेच्या व्हरांड्यात बोलक्या भिंती रंगवल्या तेव्हा पाढे, सूर्यमाला आणि पचनसंस्था यांच्या शेजारी निर्मलाचा बैलही जाऊन उभा राहिला.

आम्ही दोघी निवृत्त झालो. तिचे यजमान आधीच वारले होते, समीर आणि सून नोकरीवाले. दिवस कसे चालले होते ते सांगण्यासारखं नाही. आणि मागच्या दिवाळीनंतर तिच्या जागेवर आलेल्या नव्या बाईंचा तिला फोन आला. भिंती पुन्हा रंगवायच्या होत्या, पेंटर उभा होता. पोरगी बिचारी फार अदबीनं बोलली म्हणे. बाई, रागावू नका, पण त्या बैलाच्या चित्रातला वाऱ्याचा बाण उलटा आहे का? मी पुस्तकात बघतेय तर शिंगं पलीकडच्या बाजूला आहेत.

दुसरी कुणी असती तर पुस्तक उघडून बघितलं असतं, बरोबर-चूक काय ते सांगितलं असतं आणि विषय मिटवला असता. हिनं पेंटरला थांबायला सांगितलं आणि माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता. मी म्हणाले, अगं पुस्तकात असंच आहे ना, मग असंच असेल. तर म्हणाली, “पुस्तकातला बाण ज्यानं काढला त्यानं तरी बघितलं होतं का? मी नाही बघितलं, तरी एकतीस वर्षं काढलाच ना?” समीरनं तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. व्हिडिओत टेकड्या दिसायच्या, वारा कुठला ते दिसायचं नाही. दोन दिवस ती जेवली नाही नीट. तिला हवं होतं की आपण बरोबर ठरावं, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तिला हेही हवं होतं की ते खरं असावं. या दोन गोष्टी एकच असतील अशी तिला आशा होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं की राजस्थानात मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे खऱ्याखुऱ्या बारखाण टेकड्या आहेत आणि आपण दोघी जाणार आहोत. मी नाही म्हणाले. माझे गुडघे, थंडी, प्रवास, सगळं सांगून झालं. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, जाऊन ये, नाहीतर ती रोज इथे येऊन बसेल.

जानेवारीत निघालो. दोन गाड्या बदलून जोधपूर, तिथून जैसलमेर. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तिचे प्रश्न, एवढ्यावर मी तो प्रवास काढला. जैसलमेरला आम्हाला खेताराम नावाचा जीपवाला मिळाला. पन्नाशीचा, मिशाळ, त्याच भागातल्या एका ढाणीत, म्हणजे वाडीवर, राहणारा. त्यानं आधी विचारलं, उंट पाहिजे का, नाचगाणं पाहिजे का, तंबूत जेवण पाहिजे का. निर्मला म्हणाली, “भैया, हमको बस वाळू देखनी है.” वाळू म्हणजे काय ते त्याला कळेना. मग रेत, बालू, असं करत करत समजलं. मी तिला म्हटलं, वाळूजच्या शेजारी जन्म काढलेली माणसं तू आणि मी, आणि वाळू बघायला हजार किलोमीटर आलो. तिला हसू आलं नाही. ती फार गंभीर होती त्या दिवशी.

उद्यानात गवत, खुरट्या झुडपांचं माळरान आणि मधूनच पिवळी चढण. खेतारामनं जीप थांबवली आणि श्वास रोखून बोट दाखवलं. लांब गवतात मान उंच करून एक मोठा पक्षी चालत होता. माळढोक. तो बघायला लोक कुठून कुठून येतात, दिवस दिवस थांबतात. मी बघितला मनसोक्त. निर्मला त्याच्याकडे पाठ करून जमिनीवरच्या वाळूच्या बारीक सुरकुत्या बघत होती. खेतारामनं माझ्याकडे बघितलं, मी हात जोडले. तेवढ्यात तो म्हणाला, “चलो, आगे धोरे ही धोरे हैं.” आणि बाईंनी माझा दंड धरला. “ऐकलंस? ढोरं म्हणतोय तो. इथली माणसंसुद्धा टेकडीला ढोरच म्हणतात!” किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळलेला बघितला मी. आपला बैल इथेसुद्धा कुणाला तरी सुचला होता, म्हणजे तो अगदीच मनचा नव्हता, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. आम्हा मराठवाड्याच्या कानांना धोरा म्हटलं तरी ढोरच ऐकू येणार, त्याला कोण काय करणार.

तिला पाहिजे तशी टेकडी अखेर दुपारी साडेचारच्या सुमारास सापडली. एकटी, सुटी, नीट चंद्रकोर. खेतारामनं जीप दोन शिंगांच्या मधल्या खोलगटात नेऊन उभी केली. समोर वाळूची उभी भिंत. तिकडूनच चढायचं असं निर्मलानं ठरवलं. मी आयुष्यात इतकी कधी चिडले नसेन. एक पाऊल टाकावं तर अर्धं खाली यायचं. बुटात वाळू, ओढणीत वाळू, दातांत वाळू. अर्ध्यावर आम्ही दोघी चक्क हातापायांवर आलो. मी तिला नको नको ते बोलले. ती धापा टाकत एवढंच म्हणत होती की ही बाजू एवढी भुसभुशीत का असावी. वर पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. माथा म्हणजे चाकूसारखी धार होती, तिच्यावर आम्ही घोड्यावर बसतात तशा बसलो. एक पाय इकडे, एक तिकडे. आणि खरं सांगते, समोर जे दिसत होतं ते बघून मी सगळा राग विसरले. कुठेच काही नव्हतं, आणि तरी नजर हटत नव्हती.

निर्मलानं ओढणीचं टोक वर धरलं. मंद वारा होता. टोक फडफडलं, आणि मलाही दिसलं. वारा आम्ही चढलो त्या, जीपच्या बाजूनं, बरोबर दोन शिंगांच्या मधून वर येत होता. म्हणजे शिंगं वाऱ्याकडे रोखलेली. म्हणजे बैल बरोबर. नव्या बाई चूक, पुस्तकं चूक, आमच्या बाई बरोबर. मी तिला मिठी मारली. ती रडत होती. तिनं शाळेतल्या कपाटातला असावा तसा एक जुना होकायंत्राचा डबा काढला, दिशा बघितली, परत ओढणी धरली. तिसऱ्यांदाही तेच. मी म्हणाले, झालं आता, फोन लाव त्या पोरीला आणि सांग, चित्राला हात लावू नका म्हणून. आणि चल, मला चहा पाहिजे.

तिथे उठली असती तर ती आयुष्यभर बरोबर राहिली असती. कुणी तिला खोटं पाडायला येणार नव्हतं. पण ती उठून पलीकडच्या उतारावर गेली. दहा पावलं गेली आणि थांबली. पाय आपटून बघितला. मला हाक मारली. पलीकडचा उतार लांबलचक, सावकाश, आणि पाय अजिबात रुतत नव्हता, शाळेच्या मैदानासारखा घट्ट. ती म्हणाली, “वारा जर तिकडून येतो, तर दाबून घट्ट तिकडची बाजू व्हायला पाहिजे ना? इथं उलटं का?” मी म्हणाले, “निर्मल, पुरे. तुला पाहिजे होतं ते मिळालंय.” तिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. मी तिला लाच देतेय असं काहीतरी होतं त्यात. मग तिनं खाली उभ्या असलेल्या खेतारामला हाक मारली आणि विचारलं, भैया, ये हवा हमेशा इधर से ही आती है क्या?

खेताराम सरळ बाजूनं फिरून, सिगरेट ओढत, आरामात वर आला. आम्ही चढलो ती बाजू चढायची नसतेच, हे त्यानं तेव्हा सांगितलं. मग म्हणाला, “ये हवा तो मेहमान है मैडम, सर्दी की है, दो महीने में चली जाएगी. धोरा बनाती है जेठ-आषाढ़ की हवा. वो उधर से आती है.” त्यानं हात केला तो बरोबर उलट्या दिशेला, सूर्य उतरत होता त्या सिंधच्या बाजूला. त्यानं आम्हाला मागच्या उताराच्या पायथ्याशी नेलं. तिथे वाळूतून काळीकुट्ट, सुकलेली खुंटं वर आली होती. ही झुडपं आपण हिरवी बघितलेली आहेत, तो म्हणाला, मग धोरा त्यांच्यावरून चालत पुढे गेला. आणि शिंगांच्या टोकाशी बघा, तिथे आता हिरवी झुडपं अर्धी गाडली गेली आहेत. पुढच्या वर्षी ती दिसणार नाहीत. टेकडी शिंगं पुढे करून वाऱ्याबरोबर चालली होती. वाऱ्याला अडवून कुणी उभं नव्हतं तिथे. निर्मलानं त्याला आणखी खूप विचारलं. एका वर्षात किती चालते, शिंगं आधी का पळतात, मधला भाग मागे का राहतो. तो म्हणाला, जिथे माल कमी तिथे हवा जल्दी ढकेलती है, और क्या. शेवटी तिनं विचारलं, तुम्ही याला ढोर का म्हणता? तो गोंधळला. “ढोर तो गाय-भैंस को बोलते हैं मैडम. ये धोरा है, रेत का टीला. धो-रा.”

ती त्या घट्ट उतारावर खाली बसली. मी शेजारी बसले. मला वाटलं रडेल, पण ती आधी हसायला लागली, बऱ्याच वेळानं थांबली. मग म्हणाली की नव्या बाईंना कळवायला हवं. रेंज नव्हती, परत येताना रस्त्यावर आली, तेव्हा जीपमधूनच तिनं फोन केला. शिंगं फिरवा म्हणून सांगितलं, थँक्यू म्हणाली, आणि पोरीनं विचारण्याची हिंमत केली याबद्दल तिला शाबासकीही दिली. भिंतीचा प्रश्न तिथे मिटला. पण हॉटेलवर आल्यावर तिनं पांघरूण ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “भिंत पुसता येते गं. पोरांचं काय करू?” मी म्हणाले, कुणाच्या शेतात वाळूच्या टेकड्या आहेत? कुणाला काय फरक पडतो? तर म्हणाली, “त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं ना.”

परत आल्यावर तिनं जे सुरू केलं त्याला लोक हसले. मीही हसले, आणि ते आता मला सोसत नाही. दर बाजाराच्या दिवशी ती एसटीनं पाचोडला जायची. आमचे बहुतेक विद्यार्थी तिकडचेच, बाजाराला हमखास येणारे. ती एका हॉटेलच्या बाकड्यावर बसायची आणि ओळखीचा चेहरा दिसला की हाक मारायची. कुणाच्या डोक्यावर मक्याचं पोतं, कुणाच्या कडेवर लेकरू, आणि बाई विचारतायत, बारखाण आठवतं का? आठवायचं सगळ्यांना! बाकीचा अख्खा भूगोल विसरले होते, पण बैल नाही. व्हय बाई, वाऱ्याला शिंगं रोखून उभा. ती म्हणायची, ते उलटं आहे, दुरुस्त कर. एकजण म्हणाला, कुठं दुरुस्त करू बाई, वही तर रद्दीत गेली. एकीनं तिला उसाचा रस पाजला आणि विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना? हे सगळं ती मला येऊन सांगायची, स्वतःवरच हसत. पण युक्ती इतकी चांगली जमली होती की ती काही केल्या कुणाच्या डोक्यातून निघत नव्हती, आणि तिच्या जागी दुसरी काही बसवता येत नव्हती, याचा तिला खरा त्रास होता.

एप्रिलच्या उन्हात मी तिला तोडून बोलले. म्हणाले, तुला दुसरा उद्योग नाही का, लोक चेष्टा करतात तुझी. त्यानंतर तिनं मला पाचोडचं काही सांगणं बंद केलं. जाणं मात्र बंद केलं नाही. मी विचारलं नाही... मला वाटलं, अजून बाकड्यावर बसून बैल फिरवत असेल. तिच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ती काय करत होती हे मला माहीत नाही, आणि ते माझ्या तोंडामुळे माहीत नाही. हे लिहायला जड जातंय, पण ते तसंच आहे.

तेरावा होऊन गेला आणि एके दिवशी मला एक फोन आला. दत्ता बोलतोय बाई, म्हणाला. आवाज ओळखीचा वाटेना. नववीत मागच्या बाकावर बसायचा तो, उंच, गप्प. निर्मलाचा फोन लागेना म्हणून त्यानं कुणाकुणाला विचारलं, मग त्याला ती गेल्याचं कळलं आणि मग माझा नंबर मिळाला. म्हणाला, एकदा या. बाईंचं सांगायचंय. गेल्या रविवारी मी एकटीच एसटीनं गेले. खिडकीशी बसले, पहिल्यांदाच. दत्ताचं शेत पाचोडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. गोठ्यापुढे लिंबाच्या सावलीत एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. तो स्वतः ओट्यावर बसला. म्हणाला, ही बाईंची. बसा.

मग त्यानं सांगितलं. एप्रिलच्या एका बाजारी बाईंनी त्यालाही बाकड्यावरून हाक मारली होती. बैल उलटा झाला म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “मी म्हणलं, बाई, आम्हाला तवाच म्हाईत व्हतं. ढोर कधी वाऱ्याला शिंगं दाखवतं व्हय? वावधान सुटलं, पाऊस सपकारायला लागला की ढोर पाठ फिरवून उभं ऱ्हातं. शिंगं वारा जातो तिकडं.” निर्मलानं विचारलं म्हणे, मग तेव्हा का नाही बोललास? दत्ता माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी म्हणलं, तुम्ही इचारलंच नाय.”

कंडक्टरला विचारणारी, भाजीवालीला विचारणारी, दौलताबादच्या अंधारात हवेला विचारणारी ती. वर्गातल्या पन्नास पोरांना मात्र नाही. तिला पाहिजे होती ती दुसरी युक्तीही दुसरी नव्हतीच, बैल तोच होता, नुसता फिरवायचा होता. आणि त्या पोरांना ते तेव्हाच माहीत होतं.

दत्ता म्हणाला की त्या दिवसापासून बाई बाकड्यावर बसल्याच नाहीत. दर बाजारी त्या इथे यायच्या आणि या खुर्चीवर बसून विचारायच्या, आणखी काय चुकलं होतं माझं? तो आणि त्याच्याबरोबरचे चार-पाच जण बाजार उरकून यायचे. कुणी सांगितलं, बाई, तुम्ही पाऊस मावळतीकडनंच येतो म्हणायच्या, आपल्याकडं परतीचा उगवतीकडनं येतो. कुणी काळ्या मातीच्या भेगांबद्दल काहीतरी सांगितलं. बाई लिहून घेत नव्हत्या, नुसत्या ऐकायच्या, मग उलटे प्रश्न विचारायच्या, मग सगळे हसायचे. शेवटच्या वेळी तर जाताना त्यांची एसटी चुकली आणि त्याला मोटारसायकलवर सोडावं लागलं. “बाई म्हणाल्या व्हत्या, पुढच्या टायमाला मराठीच्या बाईंना घेऊन येते. त्यांचं काय चुकलं तेबी त्यांनी ऐकायला पाहिजे.”

मला काय विचारायचं ते कळत होतं आणि विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. “माझं काय चुकलं होतं रे?”

तो पायानं माती सारखी करत राहिला. नाय तसं काय नाय बाई, म्हणाला. मग त्यानं सांगितलं की आठवीत मी ‘माझा आवडता प्राणी’ असा निबंध दिला होता. त्यानं त्यांच्या गाईवर लिहिला होता, दोन पानं. “माही गाय लई गुणी व्हती, असं पहिलंच वाक्य व्हतं. तुम्ही ‘माही’ खोडलं, ‘लई’ खोडलं, ‘व्हती’ खोडलं. मंग ‘गाय’ तेवढी राहिली. वर्गात वाचून दाखवलं तुम्ही.” तो हसला. “मंग मी निबंध गाइडातनं लिहाया लागलो. चांगले मार्क पडले त्याला.”

मला ते आठवत नाही. तो निबंध, ते खोडणं, ते वाचून दाखवणं, काहीच नाही. मी अशा किती वह्या लाल केल्या असतील, माझं मलाच सांगता येणार नाही. चुकलं माझं, असं मी म्हणाले, आणि ते फार थोडं वाटलं. जायला उठावं म्हणून खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. पण मग मला वाटलं, दोन पानं लिहिली होती त्यानं. मी पहिल्या ओळीच्या पुढे वाचलंच नसणार.

“दत्ता,” मी म्हणाले, “पुढं काय लिहिलं होतंस त्या गाईबद्दल?”

त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, मी आल्यापासून पहिल्यांदा.

“लई हाय बाई,” तो म्हणाला. “येळ लागंल. टेकून बसा.”